दार लावणाऱ्यांची तालीम

दिगंबर सरांची नि माझी ओळख झाली ती तालमीच्या खोलीत. मुरबाडच्या शाळेत मी नवी शिक्षिका. सर बसवत होते त्या नाटकात सासूचं काम मिळालं म्हणून भलतीच खुशीत होते. सरांनी विचारलं, "बाई, सून शेवटी विहीर जवळ करते. तुम्ही तिला कुठं अडवू शकला असता?"

"सर, माझी तर चारच वाक्यं आहेत!"

"मग त्या चारांत शोधा," म्हणाले आणि चहा मागवला.

सरांची ही रीतच. शोकांतिकेत मरते एकटी, पण तिला तिथवर अख्खं घर आणि गाव पोचवतं, असं ते मानतात. म्हणून नायिकेपेक्षा नवरा, भाऊ, शेजारीण यांच्याच तालमी जास्त. आम्ही कुरकुरायचो. सर ऐकतील तर शपथ!

शेणवे गावची वैशाली आमची नायिका. भाऊ सोबत असेल तरच घरचे पाठवणार, म्हणून सरांनी तिच्या सख्ख्या भावाला, गणेशला, नाटकातही भावाचंच काम दिलं. सासरहून परतलेल्या बहिणीला हा भाऊ दारातूनच घालवून देतो. म्हशाच्या जत्रेत तो प्रवेश पाहून बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि गणेशला चक्क शिव्या घातल्या.

आता सरांच्या पंचाहत्तरीच्या तोंडावर मध्यंतरी लग्न झालेली वैशाली खरोखरच वाशिंदचं सासर सोडून आली आहे. मार खाऊन आली आहे. आणि गणेश म्हणतो, "लोक नावं ठेवतात सर, आमी तरी काय करनार? तिला घरात फार दिवस नाय ठेवता येनार." अहो, आमच्या नाट्यमंडळातही कुजबुज झाली, की सत्काराच्या प्रयोगाला दुसरी मुलगी घ्यावी. सर संतापले. "ती नसेल तर तुमची शाल तुम्हालाच लखलाभ!" नुकतंच हृदयाचं दुखणं काढलेले सर आता एक दिवसाआड शेणव्याला जातात. तिच्या आईशी भाताच्या, गुरांच्या गप्पा मारत ओटीवर बसतात, आणि वैशाली डोळ्यांना दिसली की मगच उठतात. माझा जीव मात्र टांगणीला लागलेला असतो, तिच्यासाठीही आणि सरांसाठीही.

परवा त्याच प्रवेशाची तालीम होती. गणेश बहिणीला घेऊन आला खरा, पण "या घरात तुला जागा नाही" या वाक्यापाशी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. सर सावकाश उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हण बाबा. इथं म्हण. घरी म्हणू नकोस."

त्यानं खाली मान घालून वाक्य म्हटलं. तालीम संपल्यावर बहिणीला गाडीवर बसवून घरी घेऊन गेला. पुढचं काय, मला ठाऊक नाही. तिला परत न्यायला सासरचे रविवारी येणार आहेत.

सर, तुम्हांला उदंड, ठणठणीत आयुष्य लाभो, हे आम्हा साऱ्यांचं मागणं. पण त्या ओटीवर तुम्ही एकट्यानं किती दिवस बसायचं? या रविवारी तुम्ही घरी आराम करा. वैशालीच्या शेजारी मी बसणार आहे.