सोडातात्यांचं अर्धं गाऱ्हाणं

सोडातात्यांना पाऊस हवा होता की नको होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. कुणी साधं "काय तात्या, बरं आहे ना?" असं विचारलं तरी ते आधी आभाळाकडे बघत, मग दुकानाच्या मागच्या दारातून विहिरीकडे बघत आणि मग म्हणत, "बघू." नक्की काय बघायचं आहे, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. माझे वडील, म्हणजे अण्णा, म्हणायचे, "ह्या माणसाच्या पत्रिकेत सगळे ग्रह पाण्यातच बसलेत."

आमचं गाव रत्नागिरीपासून फार लांब नाही. काजळी नदीच्या काठाने एक रस्ता जातो, त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, आणि तीच आमची बाजारपेठ. अण्णांचं शिवणकामाचं दुकान रस्त्याच्या ह्या बाजूला आणि बरोबर समोर, नदीच्या बाजूला, तात्यांचा सोड्याचा कारखाना. कारखाना हा शब्द तात्यांचा. प्रत्यक्षात ती एक खोली होती. मधोमध चाकाचं लोखंडी मशीन, शेजारी गॅसची टाकी आणि भिंतीला लागून लाकडी खोक्यांत गोटीच्या बाटल्या, जाड, हिरवट काचेच्या. तात्या मशीनमध्ये बाटल्या अडकवून चाक फिरवू लागले की आतल्या गोट्यांचा खडखडाट अण्णांच्या शिलाईयंत्रावरही मात करायचा. ते कोकमाचं आगळ घालून सोडा करत. तसा सोडा मी पुढे कुठे प्यायले नाही, आणि हे मी केवळ प्रेमापोटी म्हणत नाही.

सोड्याचा खरा हंगाम एप्रिल-मे. मुंबईकर आलेले असतात, लग्नं असतात, आंब्याच्या बागांत माणसं राबत असतात आणि सगळ्यांच्या घशाला कोरड असते. पण नेमकी त्याच वेळी तात्यांची विहीर तळ दाखवायची. माझ्या लहानपणी ती जूनपर्यंत पुरायची, मग मेपर्यंत पुरायला लागली, आणि हल्लीहल्ली तर होळीचा रंग धुऊन होईतो तिच्यात कळशी खरवडायची वेळ यायची. पावसाळ्यात मात्र विहीर तुडुंब, आणि सोडा प्यायला कुत्रंही फिरकायचं नाही. तात्या म्हणायचे, "गिऱ्हाईक येता तेवा पानी नाय. पानी येता तेवा गिऱ्हाईक नाय. मंग मी धंदा करू तो कुनाशी?" हे ते चिडून म्हणत नसत. खरोखर कुणीतरी उत्तर द्यावं, अशा अपेक्षेने समोरच्याकडे बघत राहत.

उन्हाळ्यात बाजारपेठेत टँकर यायचा. "दोन पिंपं तुमी घ्या तात्या, दुकान तरी चालू राहील," असं लोक स्वतःहून सांगत. तात्या घरात प्यायला लागेल तेवढं पाणी घेत आणि दुकानाची फळी लावून टाकत. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "बाय, लोकांचा पिन्याचा पानी बाटलीत भरायचा नि त्याच लोकांना विकायचा? ह्या काय बरा दिसत नाय." मग स्वतःच म्हणाले, "पन दुकान बंद ठेवला, ह्या तरी खय बरा दिसता?" दोन्ही बाजूंनी त्यांना पटायचं आणि दोन्ही बाजूंनी अडायचं.

पावसाळ्यात त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. नदी चढू लागली की अख्खी बाजारपेठ माल माळ्यावर चढवायच्या गडबडीत असायची. अण्णा कापडाचे तागे डोक्यावर घेऊन शिडी चढत असायचे आणि समोर तात्या शांतपणे चाक फिरवत सोडा भरत बसलेले असायचे. नवख्या माणसाला वाटावं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण त्यात त्यांचं शास्त्र होतं. "रिकामी बाटली पान्याबरोबर जाते. भरलेली जागा सोडत नाय," असं ते सांगत. सगळ्या बाटल्या भरून झाल्या की मशीनला खोबरेल फासून, गोणपाट गुंडाळून, बैल बांधावा तसं ते खांबाला बांधून ठेवत आणि मगच बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, घेऊन वरच्या आळीत जात. पाणी येऊन, खोलीत हुंदडून निघून गेलं की चिखलाखाली बाटल्या जिथल्या तिथे असत.

पूर ओसरल्यावरचा दिवस मला सगळ्यांत जास्त आठवतो. सगळीकडे गुडघाभर चिखल, नळ बंद, विहिरी गढूळ, आणि पुराने घसे मात्र कोरडे ठेवलेले. खराटे, फावडी घेऊन दमलेली माणसं एकेक करून तात्यांच्या दारात यायची. तात्या चिखलातून बाटल्या उपसायचे, धोतराच्या सोग्याने तोंडं पुसायचे आणि अंगठ्याने गोटी दाबून एकेकाच्या हातात द्यायचे. त्या दिवशी ते पैशाचं नाव काढू देत नसत. वर्षातला त्यांचा सगळ्यांत जास्त खपाचा दिवस तो, आणि तोच फुकटाचा. हसावं की रडावं हे न कळून आम्ही सोडा पीत उभे असायचो. आणि त्याच पुराने विहिरीत गाळ टाकलेला असायचा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची पंचाईत तेव्हाच ठरलेली असायची.

पावसाळ्याआधी देवळात बाजारपेठेचं गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांचा होता. एकाने नारळ हातात घेऊन सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं सांगायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. तात्यांचं मागणं दर वर्षी लांबत गेलं. आधी ते नुसता पाऊस मागत. मग "पाऊस दे, पन नदी घाटाच्या पायरीवर थांबव" आलं. मग "विहीर भर, पन गाळ टाकू नको" आलं. "तात्या, देवाकडे मागताय की शिंप्याला माप देताय?" असं अण्णांनी भर देवळात विचारलं तेव्हा तात्यांनाही हसू आलं होतं. पण पुढच्या वर्षी त्यांनी अटी वाढवल्याच.

मग ते वाईट वर्ष आलं. विहीर शिमग्यातच आटली. हंगामभर फळी लागलेली राहिली, म्हणून तात्यांनी गॅसची टाकी भरून आणली नाही. पाऊस लागला की आणू, म्हणाले, आणि लागल्यावर आज-उद्या करत राहिले. मोबाईलवर रेड अलर्ट येत, त्या दिवशी लख्ख ऊन पडे. लोकांनी अलर्टकडे बघणं सोडून दिलं. आणि एका सकाळी, चहा उकळायच्या आत, नदी रस्त्यावर आली. तात्यांच्या विहिरीत पाणी होतं, हातात जोर होता, पण टाकीत गॅस नव्हता, आणि गॅसच्या जोराशिवाय गोटी बाटलीच्या तोंडाशी बसत नाही. बाटल्या रिकाम्या होत्या. आम्ही वरच्या आळीतून बघत होतो. खोकी दारातून बाहेर पडली, रस्त्यावरून नीट वळली आणि खाडीच्या दिशेने गेली. काकींनी तात्यांचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

पाणी ओसरल्यावर माणसं सवयीने त्यांच्या दारात आली. चिखलाने भरलेली, तहानलेली. कुणी काही मागितलं नाही, पण पाय तिकडेच वळले. तात्या रिकाम्या खोलीत त्या बांधलेल्या मशीनजवळ उभे होते. "नाय रे," ते म्हणाले, "औंदा नाय." मला तेव्हा जे वाटलं ते दुःखच होतं, पण त्यात रागही होता आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं. दोन दिवसांनी पंचनाम्याला एक तरुण माणूस आला. "नुकसान पुरानं झालं ना?" असं त्याने अदबीने विचारलं. तात्या विचारात पडले. "उन्हाळ्यानं सुरू केला, पुरानं सरवला. काय लिवायचा ता तूच लिव बाबा." त्या बिचाऱ्याने पेन तसंच धरून अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी "पूर लिहा" म्हणून त्याची सुटका केली.

तशा बाटल्या आता सहज मिळत नाहीत. तरी वर्षभर तात्या "बघू" म्हणत राहिले. पुढचा मे आला, विहीर पुन्हा कोरडी पडली आणि गाऱ्हाण्याचा दिवस आला. मी रत्नागिरीहून मुद्दाम गेले होते. तात्यांनी नारळ हातात घेतला, "बा देवा महाराजा," म्हणाले, गावाची, गुराढोरांची, लेकीबाळींची राखण मागितली. आम्ही प्रत्येक वेळी "व्हय महाराजा" म्हटलं. मग पाण्याचं मागणं आलं. "आनी महाराजा, पावसाचा..." एवढं बोलून ते थांबले. देवळाच्या दारातून त्यांनी आभाळाकडे बघितलं, मग नदीकडे बघितलं. नदीत तेव्हा नुसते दगड होते. बराच वेळ गेला. शेवटी, देवाला नव्हे, आम्हाला सांगावं तसं ते हळू म्हणाले, "काय मागायचा, ताच मना कळत नाय." मग मागून कुणीतरी सवयीने "व्हय महाराजा" म्हटलं, आणि आम्ही सगळ्यांनीच म्हटलं.

त्याच महिन्यात ते काकींना घेऊन सावर्ड्याला लेकीकडे गेले. मशीन खांबालाच बांधलेलं राहिलं. एकदा मी त्यांना भेटायला गेले, तर लेकीच्या ओटीवर बसले होते. मला बघताच विचारलं, "पानी कितपत हाय गो?" मी विचारलं, "कुठलं तात्या, विहिरीचं की नदीचं?" म्हणाले, "तूच सांग." गेल्या दिवाळीनंतर ते गेले.

आता गाऱ्हाण्याचा नारळ अण्णांच्या हातात असतो. यंदा मी उभी होते. राखण मागून झाली, "आनी महाराजा, पावसाचा..." इथवर अण्णा आले आणि थांबले. त्यांना शब्द आठवत नव्हते असं नाही. मी इकडेतिकडे पाहिलं, तर सगळे माना खाली घालून वाट बघत होते, जणू इथे थांबायचंच असतं. तात्या जेवढे थांबले होते तेवढे अण्णा थांबले. मग कशाला हो म्हणतोय ते कुणालाच ठाऊक नसताना आम्ही सगळे म्हणालो, "व्हय महाराजा."