भावजींचे सुळे

पडदा वर जातो. खरं तर तिथे पडदा नव्हताच, भिंतीवर एक पांढरी चादर ताणून बसवली होती. पण आयुष्यभराची सवय जात नाही, म्हणून म्हणते, पडदा वर जातो. एका हॉटेलाचं तळघर. घडीच्या खुर्च्या. कडेच्या टेबलांवर रबरी मुंडकी, प्लास्टिकच्या कवट्या, बरणीत तरंगणारे डोळे. भर दुपारी काळे झगे घालून, ओठांच्या कोपऱ्यातून लाल रंग ओघळवून तरुण मंडळी कागदी कपातून चहा पीत उभी आहेत. आणि पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, इस्त्रीचा कोट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून एक म्हातारा बसला आहे. त्या सगळ्या भुताखेतांत भ्यालेला चेहरा तेवढा त्याचाच.

हे आमचे भावजी. भयपटांच्या त्या मेळाव्याचे प्रमुख पाहुणे.

धंद्याने भावजी कवळ्या करणारे. दवाखान्यातून जबड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून ते साचे काढायचे आणि त्यावर दात बसवायचे. त्यांच्या खोलीत तीन भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर अख्ख्या गल्लीचे जबडे. माणसाचं नाव ते विसरत, दात विसरत नसत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की हे त्याच्या तोंडाकडे बघत आणि मग ओळख पटे. माझे पुढचे दात त्यांच्याच हातचे. रंगांच्या नमुन्यांची पट्टी माझ्या ओठाशी धरून म्हणाले होते, "बाई, तुमचा रंग जुन्या हस्तिदंताचा आहे. कडेला थोडा चहा." मी म्हटलं, "आणि स्वभाव?" तर म्हणे, "तो पट्टीत नाही."

त्यांची बायको आमच्या नाटक कंपनीत कपडे शिवायची. मी तिला ताई म्हणायची, म्हणून हे भावजी. ताईचा पुढचा एक दात लहानपणीच तुटलेला होता. ती हसली की हात आपोआप तोंडावर जायचा. फोटोत तर ओठ असे घट्ट मिटलेले, की जणू टाचण्या धरल्यात. मी भावजींना टोचायची, "अहो, गावाचे दात बसवता आणि घरात खिंडार?" ते म्हणत, "हिला वेळ असेल तेव्हा ठसा घेतो." ताई म्हणे, "यांना वेळ असेल तेव्हा बसते." दोघांना एकदम वेळ कधी झालाच नाही. त्या फळ्यांवर ताईचा जबडा नव्हता.

आता सिनेमाचं सांगते. आमच्या कंपनीतला दिवेवाला एकदा पेटला. म्हणाला, मी रक्तपिशाचावर सिनेमा काढणार. दिवे त्याचे, कपडे ताईचे, किल्ला पुठ्ठ्याचा. सुळे करायला भावजी. त्यांनी नायकाच्या जबड्याचा ठसा घेतला आणि सुळ्यांचं माप आधी स्वतःवर पाहावं म्हणून स्वतःचाही घेतला. दोन्ही साचे खिडकीत वाळत ठेवले आणि काम करायला बसताना उचलला नेमका स्वतःचा.

शूटिंगच्या दिवशी नायकाने सुळे चढवले. हिरडी कापली. त्या सिनेमातलं खरं रक्त तेवढंच. वर तो बोलायला गेला तर तोंडातून नुसत्या शिट्ट्या. भावजींनी सुळे हातात घेऊन पाहिले, कान पकडले आणि सहज आपल्या तोंडात घातले. जन्मापासून असावेत तसे बसले.

दिवेवाला ओरडला, "झगा घाला यांना! हाच माझा पिशाच!"

पहिला बळी व्हायची होती ती मुलगी म्हणाली, कवळीवाल्याकडून मी चावून घेणार नाही. तेव्हा ताईने सुई बाजूला खोचली. "नाहीतरी जन्मभर डोकं खातायत, एक दिवस मान खाऊ देत," म्हणाली आणि टेबलावर प्रेत होऊन आडवी झाली. भावजींनी तिची दोन्ही मनगटं धरली आणि वाकले. त्यांची मिशी तिच्या मानेला लागली मात्र, प्रेत खदखदून हसलं. हात धरलेले, त्यामुळे तोंड झाकता येईना. तुटक्या दातासकट, पार घसा दिसेपर्यंत हसली.

"प्रेतं हसत नाहीत, ताई!" दिवेवाला कळवळला.

"मग यांना मिशी काढायला सांगा!"

पुन्हा घ्यायला फिल्म उरली नव्हती. हसू तसंच सिनेमात राहिलं. सिनेमा तंबूतंबूतून फिरला आणि कुठेतरी हरवून गेला.

ताई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. आणि अचानक, कुठल्याशा गोदामात ते डबे सापडले म्हणून या काळ्या झग्यांच्या मंडळींचा फोन आला. भावजींनी लगेच मला फोन केला. "बाई, तुम्ही बरोबर चला. माझ्याकडे तिचे सगळे फोटो ओठ मिटलेले आहेत. मला तिला एकदा हसताना बघायचंय. बाकी सिनेमात काय आहे, मला घेणंदेणं नाही."

दिवे मालवले. सिनेमा सुरू झाला आणि सभागृह हसू लागलं. किल्ला वाऱ्याने हलला, हशा. वटवाघळाची दोरी दिसली, टाळ्या. भावजी पडद्यावर आले तेव्हा तर शिट्ट्यांनी छप्पर उडालं. त्यात दुष्टावा नव्हता, हे मी प्रेक्षक ओळखणारी बाई म्हणून सांगते. वाईट सिनेमावर त्यांचं खरंच प्रेम होतं. भावजींना काही ऐकूच येत नव्हतं.

मग ते टेबल आलं. त्यावर ताई. केवढी तरुण! पडद्यावरचा पिशाच वाकला, तिची मनगटं धरली. भावजींनी इकडे माझं मनगट धरलं. "आता," म्हणाले.

ताईचं नाक आक्रसलं. पापण्या थरथरल्या. वरचा ओठ दातांवरून सुटू लागला...

आणि पडद्यावर दोरीला लटकलेलं वटवाघूळ आलं.

लोक पोट धरून हसले. भावजी माझ्याकडे वळले. "मी डोळे मिटले का हो, बाई?"

"नाही, भावजी. मीही बघत होते."

खेळ संपल्यावर आम्ही मागे गेलो. प्रोजेक्टरवाला केस पिकलेला, शांत माणूस होता. त्याने रीळ उलटं फिरवून ती जागा काढून दाखवली. भावजींनी तिच्यावरून बोट फिरवलं, तर तिथे जाडसर जोड.

"तंबूवाल्यांचं काम," तो म्हणाला. "फिल्म अडकली, तुटली, की फाटका तुकडा कापायचा आणि दोन टोकं चिकटवायची. एकदा तुटली की तिथेच पुन्हा तुटते, आजोबा. दर वेळी थोडी थोडी कमी होते."

"कापलेले तुकडे?"

"फेकायचे. ठेवून काय करणार?"

"दुसरी प्रत असेल ना कुठे?"

त्याने मान हलवली. "आम्ही सगळीकडे विचारलं. दिवेवाल्यांच्या घरीसुद्धा. ही एकच निघाली."

तेवढ्यात भावजींना मंचावर बोलावलं. सूत्रसंचालक ओरडत होता, "आजोबा, एकदा सुळे दाखवा!" कुणीतरी प्लास्टिकचे सुळे हातात दिले. भावजींनी ते उलटसुलट करून पाहिले. "हे कुणालाच बसणार नाहीत," म्हणाले, पण घातले. हात पसरले. एका मुलीच्या मानेशी वाकून फोटोही दिला. तिने मान मागे टाकली आणि तोंड भरून हसली. सगळे दात दिसले. भावजी त्या दातांकडे बघतच राहिले. मंच रिकामा झाला तरी ते तसेच वाकलेले. मीच वर जाऊन त्यांना खाली आणलं.

टॅक्सीत मी बोलून पाहिलं. ताई किती सुंदर दिसत होती, म्हटलं. ओठ सुटायला लागला होता, तेवढं तरी दिसलं, म्हटलं. अशी वाक्यं मी रंगमंचावर हजारदा म्हटली आहेत आणि समोरच्याने दर वेळी डोळे पुसले आहेत. भावजींनी पुसले नाहीत. प्लास्टिकचे सुळे त्यांच्या मुठीतच होते. त्यांच्या घराशी टॅक्सी थांबली, दार मी उघडलं. ते उतरेनात. खिडकीतून त्यांची खोली दिसत होती आणि फळ्यांवरचे ते सगळे पांढरे जबडे.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमच्या दातांचा रंग मी आत्ताही डोळे मिटून सांगेन. तिच्या दातांचा मला आठवत नाही."