गुलाबी की पांढरं

आमचा मंडपवाला काहीही मागितलं तरी आधी एकच विचारतो, "सुखाचं का दुःखाचं?" सुखाला गुलाबी कापड, दुःखाला पांढरं. माझी नोकरीची मुलाखत मोबाइलवर होती. मागे भांड्यांची मांडणी आणि पेंगणारे सासरे दिसायचे, म्हणून मी पडदा मागितला. तेव्हाही तेच.

"मुलाखत झाल्यावर कळेल," मी म्हटलं.

हे उत्तर त्याला चाललं नाही. दोन्ही कापडं घेऊन आला, गुलाबी लावलं आणि सवयीप्रमाणे मागेच थांबला. कार्यक्रम उरकेपर्यंत तो मंडप सोडत नाही.

ऐन मुलाखतीत खिळा निखळला. पडदा पडायच्या आत त्यानं मागून तो दोन्ही हातांनी उचलून धरला.

साहेबांनी विचारलं, "माणसं सांभाळायचा अनुभव आहे?"

मी तोंड उघडायच्या आत पडदाच बोलला, "लई हाय, साहेब!"

साहेब हसत सुटले. मी नाही हसले.

मुलाखत संपल्यावर तो दंड चोळत बाहेर आला. "आता सांगा भाबी. सुखाचं का दुःखाचं?"

"सोमवारी कळवणारेत."

त्यानं पांढऱ्या कापडाची घडी काखेत मारली. "हे नेतो. गुलाबी राहू द्या सोमवारपर्यंत."