शिट्टी आधी, हात मागून

"पोरी, हे पाहून मले चक्कर येऊन राहिली," रामटेके काका क्रेनच्या केबिनमधून ओरडले. खाली मी आणि आमचे साहू सर माना वर करून उभे. शेजारी कारखान्याचे मॅनेजर हाताची घडी घालून उभे होते. डेमोचा पहिलाच दिवस होता.

कारखाना खुर्सीपार वस्तीच्या पुढे. तिथे ओव्हरहेड क्रेनने लोखंडी पत्रे उचलतात. क्रेन ऑपरेटरला गर्डरमागचा एक कोपरा दिसत नाही, आणि माल हुकाला अडकवणारा खलासी नेमका तिथेच उभा असतो. म्हणून कोपऱ्यात कॅमेरा आणि केबिनमध्ये स्क्रीन, असं आमचं काम होतं.

कॅमेरा व्हिडिओ घट्ट घडी करून पाठवतो. स्क्रीनला जोडलेल्या आमच्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाने ती घडी उलगडायची. त्याच्या दोन रीती. एक, सॉफ्टवेअर: मुख्य प्रोसेसर सगळं स्वतः करतो. दुसरी, हार्डवेअर: चिपमध्ये फक्त व्हिडिओसाठी बसवलेला वेगळा भाग ते करतो. ऑफिसात मी दोन्ही तपासल्या होत्या. सॉफ्टवेअरमध्ये चिप तव्यासारखी तापली आणि चित्र अडखळलं. हार्डवेअरमध्ये चिप निवांत, चित्र सुरळीत, म्हणून इथे तेच लावलं होतं. चाचणीला साहू सरांच्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ होता. अख्खी वरात न अडखळता गेली, तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश झाले होते.

मॅनेजर म्हणाले, "ऑपरेटर खुश नहीं, तो शाम तक कैमरा उतार लीजिए."

साहू सर माझ्या कानाशी आले. "ये ऑर्डर गया तो कैमरे का काम बंद. फिर कंप्यूटर ही रिपेयर करेंगे."

मी शिडी चढून केबिनमध्ये गेले. काकांनी क्रेन हळूच हलवली. खालून खलाशाची शिट्टी वाजली. स्क्रीनवर मात्र त्याचा हात खालीच होता. क्षणभराने तो वर गेला. या कारखान्याचा नियम असा, की थांबायची शिट्टी आणि वर केलेला हात एकदमच.

"काका, शिट्टी आधी आली ना?"

"तेच तं. कान म्हनते थांब, डोये म्हनते चालू दे. मी कोनाचं आयकू?"

तेवढ्या क्षणात भार पुढे सरकतो, आणि खाली माणूस असतो.

हार्डवेअर वेगवानच होतं, पण माझ्या सेटिंगमुळे ते थोड्या फ्रेम्स जमा करून मगच सोडत होतं. कॅमेराही काही फ्रेम्स मागेपुढे पाठवत होता, त्यामुळे क्रम लावायला आणखी थांबावं लागे. रेकॉर्ड केलेल्या लग्नात नवरा क्षणभर उशिरा बोहल्यावर चढला तर कोणाला कळणार?

खाली येऊन सगळं सांगितलं. साहू सर म्हणाले, "तो सॉफ्टवेयर लगा दो."

"नको सर. त्यात चित्र तुटतं. हात उठतो तीच फ्रेम गळली तर?"

लॅपटॉप पत्र्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून मी बसले. कॅमेऱ्याला सांगितलं, फ्रेम्स ओळीनेच पाठव. हार्डवेअरला सांगितलं, साठवू नकोस, आली की सोड. यात चित्र मधूनच किंचित लुकलुकतं, पण उशीर होत नाही. ते मी आनंदाने पत्करलं.

पुन्हा वर गेले. शिट्टी वाजली आणि स्क्रीनवर हात वर गेला, दोन्ही सोबतच. काकांनी क्रेन जागच्या जागी थांबवली. मग मुद्दाम आणखी दोनदा करून पाहिलं.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "पन हे चित्र कावून लुकलुकते?"

"ते तसंच राहील, काका."

"राहू दे. मले का पिक्चर पाहाचा आहे?"

कॅमेरा उतरवावा लागला नाही. परतताना साहू सरांनी विचारलं, रिपोर्टात दोन्हींतलं वेगवान कोणतं लिहायचं? मी हार्डवेअरच लिहायला सांगितलं. ऑफिसात मी सेकंदाला किती फ्रेम्स निघतात तेच मोजत बसले होते. खाली उभ्या असलेल्या माणसाला त्यातली एकच हवी होती, आणि ती वेळेवर.