कुमाशिरोंचा घरजावई

शशिकांत अमेरिकेत ॲन आर्बरला आला तो बायकोच्या, पद्मिनीच्या व्हिसावर, आणि ही गोष्ट त्याने पुण्यात कुणालाही सांगितली नव्हती. आईला पत्रात लिहिलं होतं की युनिव्हर्सिटीत जपानीचं काम मिळालंय. काम मिळालं नव्हतं. डिपेंडंट व्हिसावर मिळणारही नव्हतं. पद्मिनी औषधांच्या प्रयोगशाळेत आठला पोचायची. शशिकांत तिचा डबा भरायचा, तिला बर्फातून बसस्टॉपपर्यंत सोडायचा आणि परत येऊन भांडी घासायचा. चिंचवडच्या कारखान्यात सात वर्षं हाच माणूस जपानी इंजिनियर आणि आपले साहेब यांच्या मधल्या खुर्चीत बसायचा, आणि त्याने तोंड उघडल्याशिवाय मीटिंग पुढे सरकत नसे. इथे तो मक्याच्या पिठाची भाकरी न फाटता कशी थापावी यावर डोकं चालवायचा. भाकरी झकास व्हायला लागली होती. त्याचीसुद्धा त्याला लाज वाटायची.

मराठी मंडळाला हे सगळं ठाऊक होतं, कारण मंडळाला दुसरा उद्योग नव्हता. अध्यक्ष पुरुषोत्तमराव पंचवीस वर्षं अमेरिकेत होते, पण स्वतःचा चहाचा कप त्यांनी सिंकपर्यंत नेल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका वर दिवाणखान्यात आणि पुरुष खाली बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर, अशी त्यांच्या घरची वाटणी. शहाण्णव सालच्या संक्रांतीला शशिकांत जिना उतरायला लागला तसे ते खालूनच म्हणाले, "अहो घरजावई, तुम्ही वरच थांबा. वाणात स्टीलचा डबा आहे. तुमच्या कामाचा."

बेसमेंट खदखदलं. शशिकांतही हसला, अगदी सगळ्यांच्या बरोबरीने. परतताना बसमध्ये पद्मिनीने एवढंच विचारलं, "तू का हसलास?"

त्याला मान होता तो एकाच ठिकाणी. युनिव्हर्सिटीतल्या पोरांचा जपानी कार्टूनपटांचा क्लब होता. जपानहून आलेल्या व्हिडिओ कॅसेटी ती पोरं शनिवारी दुपारी भक्तिभावाने बघत, आणि त्यातलं बोलणं त्यांना इंग्रजीत लिहून द्यायचा तो शशिकांत. क्लबचा अध्यक्ष विक्रम, टेक्सासातल्या प्लेनोत वाढलेला मराठी मुलगा. त्याला जपानी शब्द वीस येत आणि तो त्यांतले तीस वापरायचा. शशिकांतला काका म्हणायचा, आणि काकांचं नाव कॅसेटवर घालायला मात्र दर वेळी विसरायचा.

त्या वसंतात क्लबने मोठा घाट घातला होता. विक्रमच्या लाडक्या 'कुमाशिरो' स्टुडिओचे हयात असलेले एकमेव संस्थापक, सत्तरीचे तेत्सुओ कुमाशिरो, एप्रिलमध्ये ॲन आर्बरला येणार होते. त्यानिमित्त स्टुडिओच्या इतिहासाची पुस्तिका छापायची होती. इतिहास विक्रमने आधीच ठरवून टाकला होता: दोन भाऊ, युद्धात पोरके झालेले, हातात एक पेन्सिल. "काका, फक्त कन्फर्म करा यार," म्हणत त्याने स्टुडिओच्या तिसाव्या वर्धापनदिनाचा जाडजूड जपानी ग्रंथ शशिकांतच्या पुढ्यात टाकला.

ग्रंथात भलतंच होतं. पोरकं कुणी नव्हतं. टोकियोच्या कडेला कुमाशिरोंचं कापड रंगवायचं पिढीजात दुकान होतं. थोरला एइजी चित्रांच्या नादाने घर सोडून गेला. दुकान बुडायला नको म्हणून वडिलांनी धाकट्या लेकीसाठी, सुमिएसाठी, जावई घरीच आणला. जपानात हा रिवाज आहे. जावई स्वतःचं आडनाव टाकून सासरचं लावतो. तो जावई म्हणजे तेत्सुओ. पुढे एइजी परत आला तेव्हा याच जावयाने त्याला दुकानाचा माळा मोकळा करून दिला, आणि तिथे बासष्ट साली स्टुडिओ सुरू झाला. पारदर्शक शीटवर पुढून रेघ एइजीची. मागून रंग सुमिएचा. त्यांच्या चित्रपटांतला समुद्र ज्या निळ्याने ओळखला जातो, तो तिने बापाच्या रंगाच्या कुंडातून उचललेला.

शशिकांत घरजावयाच्या त्या जपानी शब्दापाशी येऊन थांबला. इंग्रजीत तो दोन ओळींत सहज मांडता आला असता. यंत्रांचे याहून अवघड शब्द त्याने सोडवले होते. पण त्याला बेसमेंट ऐकू आलं. त्याने लिहिलं: भाऊ. आता भाऊ म्हटल्यावर सुमिए कोण? मग ती झाली रंगकामातली एक मदतनीस. एक शब्द झाकायला त्याने अख्खी बाई खोडून टाकली, आणि ओट्यावरची कणीक मळायला घेतली. विक्रम खूश झाला. त्याचे भाऊ शाबूत होते. पुस्तिकेच्या पाचशे प्रती छापून आल्या.

एप्रिलातल्या त्या दुपारी सभागृह भरलं. शशिकांत पुन्हा दोन खुर्च्यांच्या मध्ये बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. पहिल्या रांगेत पुरुषोत्तमराव. कार्टूनशी त्यांचा संबंध शून्य. पण जिथे पाहुणा आणि कॅमेरा, तिथे मंडळाचे अध्यक्ष. पद्मिनी लॅबमधून तशीच येऊन मागे दाराशी उभी होती.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी म्हातारा तेत्सुओ शशिकांतकडे वाकून म्हणाला, "सुमिएला एवढा प्रवास झेपत नाही. तिने तुमची पुस्तिका आणायला सांगितलंय. इंग्रजी वाचते ती, सावकाश."

तेवढ्यात विक्रमने माइक धरून वाचायला घेतलं: दोन कुमाशिरो बंधू, एक पेन्सिल. म्हाताऱ्याने तो काय म्हणतोय म्हणून शशिकांतकडे पाहिलं. थोडं इकडचं तिकडचं सांगून वेळ निभावून गेली असती. जपानी समजणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. पण ती पुस्तिका विमानात बसून सुमिएच्या उशाशी जाणार होती.

त्याने जसंच्या तसं सांगितलं. मग, कुणी विचारायच्या आत, पुढचंही सांगितलं. "ग्रंथात खरं होतं. मी खोटं लिहिलं. मला त्या शब्दाची लाज वाटली."

"का?"

"माझी बायको नोकरी करते. मी तिच्या व्हिसावर इथे आलोय. घर मी सांभाळतो."

"व्हॉट्स ही सेइंग, काका?" विक्रम कुजबुजला. सभागृहात चुळबुळ सुरू झाली होती.

मग म्हातारा बोलला, आणि शशिकांतने माइक ओढून घेऊन एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं, काही न गाळता. "मी भाऊ नाही. मी कुमाशिरोंचा घरजावई. माझे सख्खे भाऊ सात वर्षं माझ्या पंगतीला बसले नाहीत. स्टुडिओत पहिली तीन वर्षं मी सुमिएचे ब्रश धुतले, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. ते मी चांगले धुतले." मग स्वतःच्या आवाजात शशिकांतने जोडलं की पुस्तिकेतली चूक त्याची आहे, आणि ती कशापायी झाली तेही सांगितलं. विक्रम पुस्तिकेकडे असा बघत होता, जणू तिने त्याला फसवलं.

नंतर पुरुषोत्तमराव फोटोला पुढे सरसावले. "यांना सांगा, मी इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष."

"सांगतो," शशिकांत म्हणाला. "संक्रांतीला तुम्ही मला काय म्हणालात, तेही सांगू का? त्यांना आवडेल. त्यांच्याच पंगतीतला आहे मी."

पुरुषोत्तमरावांना एकदम पार्किंगची आठवण झाली.

उरलेल्या प्रती दाराशी टेबलावर होत्या. शशिकांत पेन घेऊन बसला. भाऊ खोडून वर खरा शब्द आणि खाली सुमिएचं नाव. पद्मिनीने कोट काढला, खुर्ची ओढली आणि अर्धा गठ्ठा आपल्याकडे घेतला. पहिली दुरुस्त प्रत म्हाताऱ्याच्या बॅगेत गेली.

पुरुषोत्तमरावांनी मात्र आपली प्रत कार्यक्रमाआधीच, म्हाताऱ्याच्या सहीसकट, पळवली होती. ती त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे, आणि दर हळदीकुंकवाला ते पाहुण्यांना त्या दोन कर्तबगार जपानी भावांची गोष्ट सांगतात.