पुलाखाली साहेबांची खुर्ची

इंजिनियरसाहेबांच्या गोष्टी आमच्या घरी बरणीतल्या लोणच्यासारख्या मुरल्या आहेत. एक फोड काढायला जावं तर हाताला चार लागतात! वाशीमकडे नवी रेल्वे टाकत होते, तेव्हा आमचे हे त्यांच्या हाताखाली ओव्हरसियर. साहेब राणीच्या काळातले, सगळं आयुष्य पूल बांधण्यात गेलेलं. हा शेवटचा, मग पेन्शन आणि विलायत.

*

लाईन कुठून जाणार ते दाखवायला साहेबांनी शेतातून खुंट्या ठोकल्या. सकाळी बघतात तर एका खुंटीला शेंदूर, वर नारळ! नेमकी तीच चुकीच्या जागी ठोकलेली. आमचे हे ती उपटायला गेले, तर घमेली वाहणारी काशी आडवी आली. "देव काहून उपटून राह्यले, साहेब?"

इंजिनियरसाहेबांनी ह्यांना थांबवलं. म्हणाले, "रहने दो. बाजू में दूसरा ठोको."

दुसऱ्या दिवशी दुसरीलाही शेंदूर!

*

नदीत पुलाचा पाया खणत होते. साहेब हॅट काठावर ठेवून स्वतः दोराने खड्ड्यात उतरले. बायांना दिसली नुसती हॅट! अशी रडारड उठली की साहेब चिखलाने माखलेले वर आले आणि घाबरून विचारतात, "कौन मरा?"

*

पण त्यातूनच भलतं उठलं. पूल माणसाचा बळी मागतो, साहेब आत जागा पाहून आले म्हणे! बायांनी पोरं लपवली, काम बंद. काशीने तर तोंडावरच विचारलं, "कोनाले गाडता, साहेब?" बाई गं, मी कानांवर हात ठेवले!

साहेब म्हणाले, "पहला इंजिन जाएगा, तब हम नीचे बैठेगा. पुल गिरा तो हम मरेगा. दूसरा कोई नहीं."

त्या शब्दावर माणसं कामावर परतली.

*

इंजिन चालवून पाहायचा दिवस सोमवार, माझा उपास. हे इंजिनावर उभे, साहेब पुलाखाली खुर्चीत. मी काठावर महादेवाचं नाव घेत. दोघांनाही तो सांभाळेल असं मन सांगत होतं, पण जप पुन्हा पुन्हा चुकत होता.

तेवढ्यात साहेबांची मडम स्वतःची खुर्ची उचलून वाळूत उतरली! साहेब लालबुंद होऊन इंग्रजीत ओरडले. तिने खुर्ची त्यांच्या शेजारी मांडली आणि सगळ्यांना कळेल अशा हिंदीत म्हणाली, "तुम बोलता है, पुल पक्का है. तो हम क्यों जाएगा?"

काशीने माझा दंड धरला. "पूजेले जोडीनंच बसतात नं, बाई!"

शिट्टी झाली. इंजिन धडधडत पुलावर चढलं आणि दोघांच्या डोक्यावरून पार गेलं. पलीकडून ह्यांनी हात हलवला. लोक ओरडत, नाचत सुटले.

साहेबांनी वर पाहिलंच नव्हतं. ते मडमकडे बघत होते.