वकिलातीच्या दारातला तिळगूळ

लंडनमधल्या हॅरोला बहिणीकडे पोचले तेव्हा जानेवारी होता आणि दुपारी चारलाच दिवे लागत होते. दुसऱ्या दिवशी वेम्बलीहून तीळ आणि चिक्कीचा गूळ आणला. त्या थंडीत पाकाचा अंदाज येईना. पहिला घाणा बत्त्याने फोडावा लागला. दुसरा जमला, तो आईच्या स्टीलच्या डब्यात भरला. तिची आठवण म्हणून तो डबा मी मिरजेहून बरोबर घेतला होता. झाकणावर नाव कोरलेलं: ‘सौ. सुमन लिमये, मिरज’.

माझी भाची मीरा इथेच जन्मली, तिचं मराठीही इथलंच. युरोपातल्या एका चिमुकल्या देशाच्या वकिलातीत (दूतावासात) ती नोकरी करते. देशाचं नाव लिहायचं नाही, ही तिची अट. त्या देशाचा एका बलाढ्य देशाशी अबोला होता. चिमुकल्याने कुणा नको त्या पाहुण्याला घरी बोलावलं, म्हणून बलाढ्याने आपला राजदूत माघारी नेला. वर्षभर एकाही पत्राला उत्तर नाही. आपल्याकडे लग्नात व्याही रुसतात, त्यातलाच प्रकार, असं मला वाटलं.

शनिवारी वकिलातीत राष्ट्रदिनाची मेजवानी होती. पाहुण्यांची व्यवस्था मीराकडे होती आणि ती नीट पार पडली तरच तिची नोकरी पक्की होणार होती.

“मावशी, तू फक्त बस हां. प्लीज,” मला बरोबर नेताना ती म्हणाली.

तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन मी कोट ठेवायच्या टेबलाजवळ बसले. खिडकीतून समोरच्या फुटपाथवर राखाडी कोटातला एक गृहस्थ दिसला. दाराकडे दोन पावलं यायचा, परत फिरायचा. दहा मिनिटं हेच. दारापर्यंत आलेला माणूस तसाच जाणार? मला राहवेना. बाहेर गेले आणि डबा पुढे केला.

“तिळगूळ घ्या, गोड बोला.”

त्याने एक लाडू खाल्ला. मग डबाच माझ्या हातातून घेतला. “थँक यू, मॅडम. मी इथे आलोच नव्हतो,” असं इंग्रजीत म्हणाला आणि डब्यासकट चालू लागला!

मीरा धावत आली, चेहरा पांढराफटक. “मावशी! तो त्या मोठ्या देशाचा सेकंड सेक्रेटरी होता! तू काय दिला त्याला? ऑन हूज बिहाफ?”

“संक्रांतीच्या वतीने,” मी म्हटलं.

मीराच्या राजदूतांनी मला आतल्या खोलीत बसवून विचारलं: पाहुण्याने खाल्लं की नुसतं घेतलं? डबा मी दिला की त्याने नेला? परत मागितला का?

“आमच्यात डबा मागत नाहीत,” मी म्हटलं. “आणि परत करणारा रिकामा करत नाही.”

दोन सचिवांनी तेही लिहून घेतलं. मीराकडे मात्र कुणी बघेना. नसती उठाठेव माझी आणि नोकरी जाणार पोरीची. “सोमवारी डिसाइड करतील,” हॅरोला ट्रेनमधून उतरताना ती म्हणाली.

सोमवारी काहीच ठरलं नाही, त्यापुढच्याही नाही. मी डब्याशिवाय आणि उत्तराशिवाय मिरजेला परतले.

पंधरा दिवसांनी फोन आला. “मावशी, त्यांच्या एम्बसीकडून पार्सल आला! वर्षात पहिला! तुझा डबा आहे, आत सगळे अक्रोड.”

“राजदूतांच्या नावाने?”

“नाही ना! आमच्याशी ते बोलत नाहीत, मग आमचा नाव कसा लिहिणार? झाकणावरचा लिहिला. मिसेस सुमन लिमये, केअर ऑफ आम्ही. आता थँक-यू लेटर पण आजीच्याच नावाने जाणार आणि तो मी लिहिणार. सो दे आर कीपिंग मी!”

मला रडू आलं. आई उभ्या आयुष्यात कोल्हापूरच्या पलीकडे गेली नाही. तिला जाऊनही नऊ वर्षं झाली. आता दोन देश तिच्यामार्फत बोलतात, यात हसावं की काय करावं, ते मला अजून कळलेलं नाही.

“डबा तुला पाठवू?” मीराने विचारलं.

“मला नको,” मी म्हटलं. “त्यांनाच परत पाठव. आणि हे बघ, रिकामा नको.”